हवेवर खिळा मारता येत नाही

लाकडी होडीला काही जोडायचं असलं तर फार डोकं चालवावं लागत नाही. काठाला फळी असते, हाताशी हातोडी असते; दोन खिळे मारले की रॉड टेकवायला जागा झाली. फायबरच्या होडीत ड्रिल चालतं. हवेच्या बोटीत यातलं काहीच चालत नाही. जिथे म्हणून काही बसवायचं तिथे जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं कापड, आणि त्याच्या आत बोट तरंगत ठेवणारी हवा. मासेमारीचं सामान मात्र नेमकं उलट स्वभावाचं. गळ टोकदार, नांगर टोकदार, सुरी धारदार आणि रॉड लांबलचक, कायम ओढ खाणारा. या दोघांना एकाच बोटीत नांदवायचं, तर कोणती वस्तू कुठे ठेवायची याच्याही आधी तिचा भार कोणत्या दिशेने पडणार, हे बघावं लागतं.

खाडीत किंवा तलावात दोघांनी गरवायला जी बोट सहसा घेतली जाते, ती साधारण ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ४० सेंमी जाडीच्या नळ्यांची. बाहेरून ऐसपैस दिसते. पण दोन्हीकडच्या नळ्या वजा केल्या की आत दोनेक मीटर लांब आणि ७० सेंमी रुंद एवढीच जागा उरते. त्यात दोन माणसं, तीन-चार रॉड, गळांचा डबा, नांगर, दोर, पाणी, जाळी, आणि नशीब असेल तर मासे. ज्या वस्तूला जागा ठरवून दिली नाही ती पायाखाली येते, आणि पायाखाली आलेला तीन तोंडी गळ काय करतो हे सांगायला नको.

आधी बोट कशाची आहे ते ओळखा. स्वस्तातली बोट नुसत्या व्हिनाइलची असते, आत धाग्याचं कापड नसतं. बोटांनी चिमटीत धरून ताणली तर ताणते. इंटेक्सच्या एक्सकर्शन मालिकेसारख्या बोटींत रॉड होल्डर कंपनीनेच घडवून दिलेले असतात. रॉड टेकवून ठेवायला ते चांगले, पण मासा लागलेला असताना सगळी ओढ त्यांच्यावर सोडू नये. अशा बोटीवर भार घेणारं काहीही चिकटवू नका. गोंद टिकला तरी खालचं व्हिनाइल ताणतं, कड उचलते आणि महिन्याभरात तिथे फुगवटा दिसायला लागतो. दुसरा प्रकार पीव्हीसीचा, मधे पॉलिएस्टरचं कापड घातलेला, ०.९ मिमीच्या आसपास जाडीचा. हौशी लोकांच्या बहुतेक चांगल्या बोटी याच्या. तिसरा हायपॅलॉन. ड्यूपाँटने या नावाचं उत्पादन २०१० मध्ये बंद केलं, पण तसल्या रबरी कापडाला आजही सगळे हायपॅलॉनच म्हणतात. बोटीबरोबर दुरुस्तीसाठी मिळालेला तुकडा उलटून बघा. दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत असतील तर पीव्हीसी. आतली बाजू मंद आणि वेगळ्या रंगाची असेल तर हायपॅलॉन. दोघांचे गोंद वेगळे. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा दोन भागांचा गोंद लागतो, हायपॅलॉनला निओप्रीनचा. एकाचा दुसऱ्याला लावला तर चिकटल्यासारखा दिसतो, आणि पाण्यात गेल्यावर हातात येतो.

आता थोडं गणित, कारण बहुतेक होल्डर या गणितापायीच निघतात. रॉड २.१ मीटरचा. होल्डरपासून टोकापर्यंत १.८ मीटर धरू. टोकाशी ३ किलोची ओढ बसली, म्हणजे बुडाशी ५.४ चा पीळ (३ किलो गुणिले १.८ मीटर). होल्डरचा चिकटवलेला तळ १० सेंमी व्यासाचा असेल, तर हा पीळ सोसायला तळाच्या एका कडेला वरच्या दिशेने ५४ किलोंचा जोर बसतो. रॉड वाकला की तरफ आखूड होते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. पण तीस-पस्तीस किलो कुठे गेले नाहीत. गोंदाला सरकता जोर भरपूर सोसतो, सोलणारा अजिबात सोसत नाही. तळहाताएवढं ठिगळ कापडाच्या समांतर ओढलं तर दोन माणसांना निघत नाही. तेच एका कडेला नख घालून वर उचललं तर सरळ सोलून येतं. रॉड होल्डर नेमका हेच दुसरं काम करतो.

यावर दोनच उपाय आहेत. तळ मोठा करा, किंवा भार दुसरीकडे न्या. तळ २० सेंमीचा केला तर कडेचा जोर निम्मा होतो. पण दोन्ही नळ्यांवर आडवी फळी टाकली, तर नळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं १.१ मीटर अंतर कामाला येतं आणि तोच ५.४ चा पीळ टोकांना जेमतेम ५ किलोंचा होतो. चोपन्न कुठे आणि पाच कुठे! एवढ्यासाठी मी चिकटवायच्या होल्डरपेक्षा फळीच्या बाजूचा आहे, दुकानदार काहीही म्हणोत.

आणि हे सगळं ३ किलोंच्या ओढीचं झालं. रीळचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटायची ते ठरवणारा ब्रेक, घट्ट पिळून ठेवला आणि गळ तळाच्या खडकात अडकला, वर ओहोटीने बोट वाहते आहे, तर दोरी तुटेपर्यंत ओढ वाढत जाते. ९ किलोंची दोरी असेल तर तीन पट. म्हणून रॉड होल्डरमध्ये ठेवताना ड्रॅग दीड-दोन किलोंवर आणून ठेवायचा. तो त्या होल्डरचा फ्यूज आहे. मासा लागल्यावर रॉड हातात घ्यायचा आणि मग हवा तेवढा पिळायचा.

फळीसाठी १८ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. मरीन प्लाय म्हणून दुकानात जे मागितलं जातं ते हेच. लांबी १३० सेंमी, रुंदी २० सेंमी; वजन सव्वातीन किलोंच्या आसपास भरतं. १२ मिमीचा प्लायही चालतो, पण मधे माणूस टेकला की लवतो. चारही कोपरे निदान ३ सेंमी त्रिज्येने गोल करा, खालच्या कडा रंधा आणि पॉलिश पेपरने अशा मारा की गालावरून फिरवली तरी टोचू नये. कापलेल्या कडांतून प्लाय पाणी पितो, म्हणून कडांना इपॉक्सीचे दोन हात, वर पृष्ठभागाला मरीन वॉर्निश किंवा चांगला ऑइल पेंट.

नळीवर टेकणाऱ्या भागाला ८ ते १० मिमी जाडीचा ईव्हीए फोम. योगाच्या चटईचे तुकडे झकास बसतात. जुना गालिचा किंवा पायपुसणं लावायचा मोह होतो, तो टाळा. त्यात वाळू अडकते आणि लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याला फळी नळीवर पॉलिश पेपरसारखी घासते. ट्रकची जुनी ट्यूबही नको. काळं रबर पीव्हीसीला दीर्घकाळ चिकटून राहिलं की न जाणारा तपकिरी डाग पाडतं.

होल्डर बाजारचा घ्या नाहीतर पीव्हीसी पाइपचा करा, फळीला दोन्ही सारखेच. पाइप आतून ४० मिमीच्या आसपास लागतो, पण पाइपांची मापं बाहेरून मोजलेली असतात आणि जाडीप्रमाणे आतलं माप बदलतं, तेव्हा रॉडच दुकानात घेऊन जावा आणि घालून बघावा. लांबी ३० सेंमी. वरच्या तोंडाला रीळची दांडी बसण्यासाठी २० मिमी रुंद आणि ८ सेंमी खोल खाच. खाच नसेल तर रॉड गरागरा फिरतो आणि रीळचं हँडल फळीवर आपटत राहतं. तोंडाची कड हीटगनने गरम करून बाटलीच्या बुडावर दाबली की बाहेर वळते, मग रॉडच्या मुठीचं कॉर्क खरवडत नाही. बुडाशी आरपार एक ६ मिमीचा स्टेनलेस बोल्ट टाकला की रॉड खाली निसटत नाही, आणि बूड उघडं ठेवल्याने पाणी साचत नाही.

पाइप फळीवर उभा ठोकायचा नाही. सागाचा किंवा कुठल्याही टणक लाकडाचा पाचर ३० अंशांत कापून त्यावर बसवायचा, म्हणजे रॉड बाहेर झुकतो. बोल्ट खालून वर घालायचे, गोल डोकं खाली आणि नट वर. उलट केलं तर नटाबाहेर आलेलं आट्याचं टोक बोटीकडे तोंड करून बसतं, आणि कधीतरी फळी सरकली की नळीत शिरतं. बोल्टची जागासुद्धा नळीच्या वर येऊ देऊ नका. नळीची आतली कड जिथे संपते तिथून ५ सेंमी आत घ्या. खाडीत जायचं असेल तर बोल्टचं स्टेनलेस ३१६ ग्रेडचं. ३०४ वर खाऱ्या पाण्याने एका मोसमात तांबूस ठिपके येतात. तेवढ्याने तुटत नाही, पण नट सोडवताना वैताग देतं.

आता फळी बोटीला धरून कशी ठेवायची? पीव्हीसीच्या पुष्कळ बोटींना बाकड्याची सीट सरकवायला नळीच्या आतल्या अंगाला खाचेची पट्टी असते. तुमच्या बोटीला ती असेल तर काम सोपं: जादा सीट मागवून तिच्यावरच होल्डर बसवा. नसेल तर २५ मिमी रुंदीचे पट्टे आणि कॅम बकल (पट्टा ओढून दातांत अडकवायचं बकल), चार ठिकाणी. पट्टे अडकवायला चार डी-रिंगा, म्हणजे ठिगळावर बसवलेल्या इंग्रजी डी आकाराच्या कड्या, लागतात, आणि त्या चिकटवाव्याच लागतात. मग गोंदाची कटकट टळली कुठे, असं कुणीही विचारेल. टळली नाही, पण दिशा बदलली. डी-रिंगचं गोल ठिगळ नळीच्या आतल्या बाजूला, फळीखाली वीतभर अंतरावर लावलं की पट्टा वरच्या दिशेने, कापडाला समांतर ओढतो. सोलणारा जोर सरकता झाला. १२ सेंमी व्यासाचं ठिगळ मग बिनघोर टिकतं. काठाच्या दोराच्या कड्यांना मात्र पट्टा बांधू नका. त्या माणसाने पाण्यातून हात घालून धरायला असतात, आणि व्हिनाइलच्या बोटीत तर तेवढ्यालाच कशाबशा पुरतात.

एक बारीक गोष्ट इथे हमखास सुटते. रॉड आडवा बाहेर झुकलेला असेल तर पीळ फळीच्या लांबीवर येतो, ते ठीक. पण रॉड सरळ मागे रोखून बोट वल्हवत आमिष ओढायचं, म्हणजे ट्रोलिंग करायचं असेल, तर पीळ फळीच्या रुंदीवर येतो, आणि रुंदी फक्त २० सेंमी. फळी मागच्या बाजूला उलटायला बघते. म्हणून पट्टे सरळ खाली न नेता एक पुढे तिरका, एक मागे तिरका, असे इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखे बांधायचे. नाहीतर रॉड ९० अंशांत बाजूला वळवून ठेवायचे. ट्रोलिंगमध्ये तसंही दोन दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून तेच बरं.

गोंदाचं काम निगुतीने करण्यासारखं आहे. बोट फुगवून, आत बसून, जागा पेन्सिलने आखा. मग हवा काढून तो भाग सपाट फळकुटावर पसरून चिकटवा. ठिगळाखाली टणक काहीतरी असल्याशिवाय रोलर दाबता येत नाही. कॅनडाची स्कॉटी, न्यूझीलंडची रेलब्लेझा अशा कंपन्या हवेच्या बोटींसाठी चिकटवायचे तळ बनवतात. त्यांतल्या आधीच वळण दिलेल्या कडक तळांना मात्र फुगलेली नळीच लागते. ते सपाट कापडावर लावले तर हवा भरल्यावर कडा आपोआप उचलतात.

पीव्हीसी असेल तर दोन्ही पृष्ठभाग मिथाइल इथाइल कीटोनने पुसायचे. हे एमईके म्हणून केमिकलच्या दुकानात मिळतं. रंगाचा थिनर नको, त्यात तेलकट अंश असू शकतो. पांढरं सुती फडकं, एकाच दिशेने, मळकं झालं की बदलायचं. हायपॅलॉनला आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईस्तोवर घासावं लागतं, मग टोल्युईनने पुसणं. दोन्ही द्रावणांची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते. उघड्यावर, हातमोजे घालून, आणि शेजारी कुणी विडी ओढत नसताना काम करायचं.

गोंद आणि हार्डनर (गोंदाचा दुसरा, तो घट्ट करणारा भाग) यांचं प्रमाण डब्यावर असतं तेच पाळा. साधारण १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आसपास. थेंब मोजण्याऐवजी औषधाच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज वापरली तर चूक होत नाही. हार्डनर घातल्यावर गोंद तासा-दोन तासांत जाड होतो, म्हणून लागेल तेवढाच कालवायचा. पहिला हात पातळ, दोन्ही पृष्ठभागांवर. अर्धा तास वाळू द्या. दुसरा हात, पुन्हा पातळ, आणि दहा-एक मिनिटांनी बोटाच्या मागच्या पेराने हात लावून बघा: चिकट लागतं पण पेराला येत नाही, ही वेळ. मग हेअर ड्रायरने किंवा हीटगन लांब धरून दोन्ही बाजू हाताला चटका लागेलसं वाटेपर्यंत गरम करा आणि ठिगळ मधून कडेकडे बसवत न्या. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधीच आखलेल्या रेषा. रोलरने किंवा चमच्याच्या पाठीने मधून बाहेर रगडा, सगळा जोर कडांवर. हवा भरायची ती २४ तासांनी, आणि भार द्यायचा ३ दिवसांनंतर.

आमच्याकडे या कामाचा खरा शत्रू दमट हवा. द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो आणि गार पृष्ठभागावर दव धरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण दोन थरांच्या मधे पाण्याचा पापुद्रा बसतो. वर हार्डनरची पाण्याशी गाठ पडली की त्यातून वायू सुटून बारीक बुडबुडे होतात. गणपतीच्या सुटीत गावी गेल्यावर बोट काढून ठिगळं लावू, असा बेत कोकणात पुष्कळ जण करतात आणि दिवाळीत तीच ठिगळं पुन्हा लावतात. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. किनारपट्टीवर ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान मिळते. घाटावर एवढी अडचण नाही.

निघालेलं ठिगळ फेकून देण्याआधी उलटून बघावं, कारण चूक त्याच्यावर लिहिलेली असते. सगळा गोंद ठिगळावर आणि बोट स्वच्छ, तर बोटीची पुसणी कमी पडली. गोंद दोन्हीकडे, मधे तारा ओढल्यासारखा, तर द्रावण पुरतं उडालं नव्हतं किंवा हार्डनर कमी. दुधाळ पांढरा थर असेल तर दमट हवा. चपलेचं पिवळं रबर सोल्युशन वापरलं असेल तर कारण शोधायला नको: पीव्हीसी मऊ ठेवणारं तेल हळूहळू गोंदात झिरपतं आणि त्याचा चिकट लगदा करून टाकतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या नळीचं उलट. तो काचेसारखा कडक होतो आणि बोटीच्या पहिल्या लवणीला तडकतो.

जागा ठरवताना बोट घरात किंवा अंगणात पूर्ण फुगवून, आत बसून, वल्ही हातात घेऊन बघावं. वल्हवणारा मागे तोंड करून बसतो आणि वल्ह्याच्या मुठी मारा सुरू करताना त्याच्यापुढे, म्हणजे बोटीच्या मागच्या अंगाला, अर्धा मीटरपर्यंत जातात. त्यामुळे होल्डरची फळी वल्ह्याच्या खुंटीपासून मागे निदान ६० सेंमी. तिथे असली म्हणजे बोटांची सालटं निघत नाहीत आणि रॉडची टोकं वल्हवताना सतत डोळ्यांसमोर राहतात. होल्डरचं तोंड बसल्या जागेवरून हात लांबवून पोचेल असं हवं. मासा लागल्यावर उभं राहायला या बोटीत वाव नाही. दोघं गरवणार असतील तर चार होल्डर पुरे. सहा बसवणारे असतात, पण गळ फेकताना मागे नेलेला रॉड त्यातल्याच एकाला अडतो.

फिश फाइंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, लावायचा असेल तर एक गोष्ट पक्की धरा: आवाजाची लहर पाण्यातून हवेत शिरत नाही, जवळजवळ सगळी परत फिरते. त्यामुळे फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसर, म्हणजे ती लहर सोडणारा आणि परत टिपणारा भाग, आतून बुडाला चिकटवायची जी युक्ती चालते, ती हवेच्या तळाच्या बोटीत चालत नाही. २५ मिमीच्या अॅल्युमिनियम पाइपचा दांडा फळीला क्लॅम्पने धरायचा आणि ट्रान्सड्यूसर बोटीच्या बुडापेक्षा ३ ते ५ सेंमी खाली, तोंड सरळ तळाकडे. बुडाच्या पातळीत ठेवला तर चालत्या बोटीखालचे बुडबुडे त्याच्यावरून जातात आणि पडद्यावर नुसता कचरा दिसतो. क्लॅम्प जरा ढिलाच ठेवा, दगडाला लागला तर दांडा मागे फिरला पाहिजे. छोट्या पडद्याच्या यंत्राला अर्धा अँपिअरही लागत नाही. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची, यूपीएसमध्ये असते तसली बॅटरी दिवस काढते. मोटरच्या बॅटरीवरून जोड घेतली तर मोटर फिरताच पडदा खरखरतो, तेव्हा वेगळी बॅटरी.

इलेक्ट्रिक मोटरचं थोडक्यात. ५५ पौंड रेट्याची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या घरात ओढते, म्हणून बॅटरीजवळच ६० चा ब्रेकर, आणि वायर पंख्याची नव्हे. १०० अँपिअर-तासांची लेड अॅसिड बॅटरी २५ ते ३० किलोंची, लिथियम फॉस्फेटची त्याच्या निम्म्याहून हलकी. माणूस आणि मोटर दोन्ही मागे, म्हणून बॅटरी पुढे, झाकणाच्या डब्यात, पट्ट्याने बांधून. मोकळी लेड अॅसिड बॅटरी कलंडली तर अॅसिड धातूच्या कड्या, दोर, कपडे, सगळ्याला लागतं.

नांगराला जास्त वेळ द्यायला हवा, कारण इथे चूक महागात पडते. बोटीपुरता दीड किलोचा घडीचा चार पात्यांचा नांगर बस होतो. पाती मिटलेली असली तरी टोकं उघडीच, म्हणून तो रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीत, त्याच्यावर दोर. दोर गुंडाळून ठेवायचा नाही, वरून सोडत नुसता पडू द्यायचा, तसाच सुटतो. नांगराला मीटरभर साखळी आणि साखळीवर जुन्या पाण्याच्या नळीचं आवरण. दोर ८ मिमीचा, पाण्याच्या खोलीच्या तीन ते पाच पट. ही खोली भरतीची धरायची. मुंबई-रायगडकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, तळकोकणात आणि गोव्यात साधारण त्याच्या निम्मं. ओहोटीला बेताचा सोडलेला दोर भरतीत उभा होतो आणि नांगर उचलून बोट चालू लागते.

दोर बांधायचा बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाच्या कडीला, आणि फक्त तिथेच. मागून किंवा बाजूच्या कडीतून नांगर टाकला आणि पाण्याला ओढ असली तर ती बाजू दाबली जाते, पाणी आत येतं, आणि ते थांबवायला सेकंदच असतात. बाजूच्या कडीला पुन्हा तोच सोलणारा जोर. दोराचं बोटीकडचं टोक एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधून पुढे एक रिकामा पाच लिटरचा कॅन लावून ठेवा. वेळ आली तर दोर सोडून द्यायचा, कॅन तरंगत राहतो, नांगर मागाहून आणता येतो. खडकाळ जागी नांगर अडकतोच. साखळी नांगराच्या बुडाला बांधून वरच्या कडीला नुसत्या सुतळीने जखडली, तर जोरात ओढल्यावर सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन सुटून येतो.

टोकदार वस्तूंसाठी एकच शिस्त: बोटीत उघडा गळ फक्त दोरीला बांधलेला, आणि तो रॉडच्या कडीत अडकवलेला. बाकी सगळे झाकणाच्या डब्यात. सुरी बोथट टोकाची, म्यानात, आणि म्यान फळीला स्क्रूने लावलेलं. खाली पाय ठेवायच्या जागी योगाची उरलेली चटई. मासा घ्यायला दांड्याचं रबरी हातजाळं. सुती जाळ्यात तीन तोंडी गळ गुंततो आणि तो सोडवताना तडफडणारा मासा गळासकट नळीवर आपटतो. जिताडा, तांबोशी त्या मानाने सोयीचे. खरी धास्ती शिंगाळ्याची. त्याचे पाठीवरचा आणि छातीकडचे दोन काटे करवतीसारखे असतात, ताठ उभे राहतात, कापडातून सहज जातात आणि माणसाच्या हाताला दिवसभर ठणका लावतात. तो जाळ्यात असतानाच पक्कडीने गळ काढून, थेट झाकणाच्या बादलीत. आणि कालवं. माशांपेक्षा बोटी त्यांनीच जास्त फाडल्या असतील. ओहोटीला उघडे पडणारे खडक, जेट्टीचे खांब, तिवरांची मुळं, सगळीकडे त्यांच्या कडा पात्यासारख्या उभ्या असतात. बोट अशा जागी बांधून काठावर जाऊ नये. पाणी उतरलं की ती अलगद त्यांच्यावर बसते.

हवेचा दाब आणि पट्टे यांचं नातं सांगायचं राहिलं. नळ्यांत साधारण ०.२५ बार भरतात, हवेच्या कडक तळात ०.७ ते ०.८. सकाळी २५ अंशांत ०.२५ भरलेली नळी पुळणीवर उन्हात ५० अंशांपर्यंत तापली की ०.३५ च्या पुढे जाते. वर फळीचे पट्टे करकचून आवळलेले असतील तर सगळा ताण डी-रिंगांवर. उलट, उन्हात ३५ अंशांवर भरलेली बोट २८ अंशांच्या पाण्यात टाकली की दाब ०.२२ वर येतो, पट्टे सैल पडतात आणि फळी डुगडुगते. लोक मग गोंदाला दोष देतात. बोट पाण्यात टाकून दहा मिनिटं थांबायचं, पंपाचे चार हात मारायचे, आणि मगच पट्टे आवळायचे. परतल्यावर बोट वर ओढली की आधी पट्टे ढिले करायचे, बाकीचं नंतर.

वजनाची पाटी बोटीच्या मागच्या फळीवर किंवा नळीवर छापलेली असते. तिच्यात माणसं, मोटर, बॅटरी, सामान सगळं धरलेलं असतं, हे विसरून लोक फक्त माणसं मोजतात. त्या आकड्याच्या दोन तृतीयांशावर थांबावं. लाइफ जॅकेट अंगात, उशाला नव्हे. एवढ्या दोऱ्या, पट्टे आणि गळ भोवती असताना पाण्यात पडल्यावर ते घालायला जमत नाही. प्रत्येक रॉडला मुठीशी मीटरभराची दोरी आणि स्नॅप हूक, फळीला अडकवलेला. माणसाच्या कमरेला काहीही बांधायचं नाही.

घरी आल्यावर फळी, दांडा, होल्डर सुटे करून गोड्या पाण्याखाली धरा. नळी आणि तळ यांच्या खाचेत वाळू बसते, ती होजने आतून बाहेर काढावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी तीच शिवण खाते. बोट सावलीत पूर्ण वाळवून मगच गुंडाळायची, आणि फळी तिच्या घडीत कधीच घालायची नाही: महिनाभर दाबून राहिलेल्या बोल्टच्या डोक्याचा वळ कापडावर उठतो आणि पुढे तिथूनच बारीक हवा जायला लागते.